‘आपल्याकडे चारच माणसं आहेत, आपल्याला कुठला कायदा?’ पहिल्या कामगारापासून लागू होणारे हक्क आणि मालकांचे नेहमीचे प्रश्न



भाईंदर पूर्वेच्या कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटमधून एक चक्कर मारा. एका गाळ्यात स्टीलच्या पातेल्यांना पॉलिश चाललेलं असतं, शेजारच्या गाळ्यात प्रेसवर झाकणं निघत असतात, वरच्या मजल्यावर इमिटेशन ज्वेलरीत खडे बसवायचं काम चालू असतं. मीरा रोडला आलात की सलून, क्लासेस, केक शॉप, मोबाइल रिपेअरिंग, टेलर. यातल्या बऱ्याच ठिकाणी माणसं किती? चार, सहा, फार तर नऊ. आणि मालकाला कामगार कायद्याबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘आपलं छोटं काम आहे हो. दहाच्या आत माणसं. आपल्याला काही लागू होत नाही.’

हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धंच धंद्याला महागात पडतं. माणसांच्या आकड्यावर काय ठरतं? पीएफ, ईएसआयसी, ग्रॅच्युइटी, बोनस या गोष्टी. पण किमान वेतन, वेळेवर पगार, जादा कामाचे दुप्पट पैसे आणि अपघाताची भरपाई यांचा आकड्याशी संबंध नाही. पहिला माणूस कामाला ठेवलात त्या दिवसापासून ते हक्क सुरू होतात.

आज हे नीट समजून घेऊ. भाषा सोपी ठेवतो. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये एक हिशोब आहे तो स्वतः करून बघायचाय.

आधी एक बातमी, जी अजून बऱ्याच जणांपर्यंत पोचलेली नाही

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत: वेतन संहिता २०१९, औद्योगिक संबंध संहिता २०२०, सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२०. आधीचे २९ केंद्रीय कायदे या चारांत सामावले गेले. किमान वेतन कायदा, बोनस कायदा, ग्रॅच्युइटी कायदा ही जुनी नावं तुमच्या अकाउंटंटच्या तोंडी अजून असतील. नावं बदलली तरी हक्क बहुतेक तेच आहेत, काही ठिकाणी वाढले आहेत.

दुकानं आणि ऑफिसेससाठी महाराष्ट्राचा स्वतःचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मात्र वेगळा आहे, तो राज्याचा आहे आणि चालू आहे. त्यात आधी १० माणसांची मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती २० वर नेण्याचा निर्णय घेतला. मर्यादेच्या आत असाल तर नोंदणी प्रमाणपत्राऐवजी ऑनलाइन सूचना द्यायची असते. ‘नोंदणी लागत नाही’ म्हणजे ‘काहीच करायचं नाही’ असं नव्हे. सूचना द्यायचीच आहे, तिची पावती जपायची आहे, आणि दुकानाची पाटी मराठीत हवीच, माणसं कितीही असोत.

१, १०, २०: हे तीन आकडे पाठ करा

*पहिल्या माणसापासून:* किमान वेतन. ठरलेल्या मुदतीत पगार. स्त्री-पुरुष दोघांना एकाच कामाचं एकच वेतन. ठरलेल्या तासांपुढे काम घेतलं तर दुप्पट दर. कामावर अपघात झाला तर भरपाई. लैंगिक छळापासून संरक्षण. आणि १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर न ठेवणं. १४ ते १८ वयोगटातल्यांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही.

*१० माणसांपासून:* ईएसआयसी (महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी), ग्रॅच्युइटी, प्रसूती रजा, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, लेखी नियुक्तीपत्र.

*२० माणसांपासून:* पीएफ आणि बोनस. विजेवर चालणारं उत्पादन असेल तर नव्या संहितेप्रमाणे २० माणसांना ‘कारखाना’ धरलं जातं. विजेशिवाय असेल तर ४०.

यात दोन बारकावे आहेत. एक, ठेकेदारामार्फत आलेली माणसं ईएसआयसीच्या मोजणीत धरली जातात. ‘ती माझी नाहीत, ठेकेदाराची आहेत’ असं म्हणून आकडा कमी होत नाही. दोन, ग्रॅच्युइटी किंवा ईएसआयसी एकदा लागू झाली की नंतर माणसं कमी झाली तरी ती सुटत नाही. दिवाळीच्या ऑर्डरसाठी बाराजण घेतले आणि नंतर सातवर आलात, तरी ती जबाबदारी राहते.

दोन गाळे, दोन नावं: चालतं का?

हा प्रश्न बरेच जण हळू आवाजात विचारतात. एक गाळा स्वतःच्या नावावर, दुसरा बायकोच्या किंवा भावाच्या, दोन्हीकडे आठ-आठ माणसं. कागदावर दोन धंदे. पण पीएफ, ईएसआयसीचे अधिकारी आणि कोर्ट पाटी बघून थांबत नाहीत. पैसा कुणाचा, हिशोब कुठे, माणसं इकडून तिकडे जातात का, एका गाळ्याशिवाय दुसरा चालू शकतो का, हे ते बघतात. एका ठिकाणी पातेलं दाबलं जातं आणि त्याच पातेल्याला दुसरीकडे पॉलिश होतं, तर ते एकच आस्थापना ठरू शकतं. मग मागच्या तारखेपासून वर्गणी, व्याज आणि दंड असा एकदम बोजा येतो.

आता तो हिशोब: प्रेसमध्ये बोटं गेली तर?

भांड्यांच्या कामात सगळ्यात मोठी भीती पॉवर प्रेसची. हा विषय कुणाला बोलायला आवडत नाही, पण छोटा धंदा एका दिवसात बसतो तो इथेच. म्हणून जरा थांबून बघू.

समजा तुमच्याकडे सहा माणसं आहेत. त्यातला एक कारागीर ३० वर्षांचा, पगार महिना १५,००० रुपये. प्रेसवर त्याच्या एका हाताची चार बोटं गेली. अंगठा वाचला. ईएसआयसी नाही, विमा नाही.

भरपाईचं सूत्र १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेलं आहे आणि आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक वेतनाचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. हिशोबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० धरायचं, अशी अधिसूचना २०२० मध्ये निघाली होती. ३० वर्षांच्या माणसाचा गुणक आहे २०७.९८.

१५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००.
९,००० × २०७.९८ = १८,७१,८२० रुपये.

हे झालं पूर्ण अपंगत्वाचं. बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात टक्केवारी दिलेली आहे. एका हाताची चार बोटं गेली तर ५० टक्के, दोन गेली तर २० टक्के. म्हणजे:

चार बोटं: ९,३५,९१० रुपये.
दोन बोटं: ३,७४,३६४ रुपये.

आणि त्याच माणसाचा मृत्यू झाला तर वेतनाच्या ५० टक्के गुणिले तोच गुणक: १५,५९,८५० रुपये. हे पैसे मालकाने द्यायचे. एका महिन्यात दिले नाहीत तर जुन्या कायद्याप्रमाणे १२ टक्के व्याज, आणि पटण्यासारखं कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

‘चूक त्याचीच होती, लक्ष नव्हतं’ हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. नुसता निष्काळजीपणा हा बचाव होत नाही. माणूस दारू प्यायलेला होता, किंवा सुरक्षेचा स्पष्ट आदेश त्याने मुद्दाम मोडला, किंवा यंत्राचं गार्ड मुद्दाम काढलं, असं तुम्ही सिद्ध केलंत तरच काही बचाव आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तोही नाही. आणि प्रेसला गार्डच बसवलेलं नसेल, तर कुठल्या तोंडाने सांगणार?

आता दुसरी बाजू. ईएसआयसीमध्ये मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. १५,००० पगारावर मालकाचे महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे, वर्षाला ५,८५०. दहा माणसांचे वर्षाला ५८,५००. एका माणसाच्या चार बोटांची भरपाई म्हणजे दहा माणसांची १६ वर्षांची वर्गणी! आणि ईएसआयसी लागू असेल तर अपंगत्वाचे पैसे महामंडळ देतं, मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. उपचारही तिथेच होतात.

दहाच्या आत माणसं असतील तर काय? तीन गोष्टी करा. पहिली, प्रेसला गार्ड बसवा आणि दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय चालणार नाही अशी बटणं लावा. हा सगळ्यात स्वस्त विमा. दुसरी, सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे कामगार भरपाईची पॉलिसी मिळते, ती घ्या. घेताना किती माणसं आणि काय काम हे खरं सांगा. हेल्पर म्हणून दाखवलेला माणूस प्रत्यक्षात प्रेसवर असेल तर क्लेमच्या वेळी अडचण येते. तिसरी, सामाजिक सुरक्षा संहितेत लहान आस्थापनांना स्वेच्छेने ईएसआयसीत येण्याची सोय आहे, तिची चौकशी करा.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवा. ‘अपघात झाला की नाव घालू’ हा उपाय नाही. ईएसआयसी लागू असताना मालकाने वर्गणी भरली नसेल, तर महामंडळ कामगाराला लाभ देतं आणि पैसे मालकाकडून वसूल करतं.

आता तुमचे नेहमीचे प्रश्न

१. माझे कारागीर पीस रेटवर आहेत. ते माझे कामगार कसे?

याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच दिलंय. ‘सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस’ हा तो खटला, तत्कालीन आंध्र प्रदेशातला. दुकानात शिंपी पीस रेटवर काम करत. येण्या-जाण्याची वेळ पक्की नव्हती, कधी कापड घरीही नेत. मालकाचं म्हणणं होतं की हे स्वतंत्र कारागीर आहेत. कोर्टाने बघितलं की मशिन दुकानाच्या, काम दुकानात, शिवण नीट नसेल तर परत करून घेण्याचा आणि काम बंद करण्याचा अधिकार मालकाचा. कोर्ट म्हणालं, हे कामगारच.

आता हे आपल्या गाळ्याला लावून बघा. पॉलिशचं मोटार-चाक तुमचं, माल तुमचा, ‘हा पीस रिजेक्ट’ म्हणणारे तुम्ही. मग तो तुमचा कामगार. पीस रेट ही पगार मोजायची पद्धत आहे, नातं बदलत नाही. आणि ठरलेल्या तासांचं काम करून पीस रेटने किमान वेतनाएवढे पैसे निघत नसतील, तर दरच चुकीचा आहे.

२. किमान वेतन नेमकं किती? राहायला-जेवायला देतो, ते धरता येतं का?

एकच आकडा नसतो. धंद्याप्रमाणे, कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल त्याप्रमाणे आणि परिमंडळाप्रमाणे बदलतो. शिवाय महाराष्ट्रात मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो, तो १ जानेवारी आणि १ जुलैला, वर्षातून दोनदा बदलतो. म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या तक्त्यावर विसंबू नका. दर सहा महिन्यांनी कामगार आयुक्तालयाचा ताजा दर बघा किंवा सल्लागाराकडून लेखी घ्या.

‘रोख नऊ हजार, बाकी खोली आणि जेवणात धरलं’ असा तोंडी हिशोब टिकत नाही. आधी पूर्ण वेतन लिहा. कायद्याला मान्य असलेली कपात असेल तर ती स्लिपवर वेगळी दाखवा. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी आहे. इतका गंभीर विषय आहे हा.

वेतन संहितेत पहिल्यांदा कमी पैसे दिल्याचं सिद्ध झालं तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. पाच वर्षांच्या आत पुन्हा झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय कामगाराला तीन वर्षांपर्यंत मागे जाऊन दावा करता येतो आणि थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते.

३. पगार कधीपर्यंत द्यायचा? न सांगता निघून गेला तर अडवू का?

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. आठवड्याचा असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. रोजंदारी असेल तर पाळी संपताना. ‘पार्टीचं पेमेंट आलं की देतो’ हे कारण कायद्यात नाही.

माणूस सोडून गेला किंवा तुम्ही काढलात तर त्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. बरेच जण इथेच चुकतात. महिना-दीड महिन्याचा पगार ‘डिपॉझिट’ म्हणून मागे ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा. नोटीस न देता गेल्याचा राग समजू शकतो, पण कमावलेला पगार त्याचा आहे. करारात नोटीसची अट असेल तर तिचा दावा वेगळा करा.

४. माल खराब केला, वस्तू तोडली. पगारातून कापू का?

वस्तू त्याच्या ताब्यात दिलेली होती, नुकसान त्याच्या हलगर्जीमुळे झालं, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, या तीनही गोष्टी असतील तर कापता येतं. दंड करायचा असेल तर तो त्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. आणि उचल, नुकसान, पीएफ सगळं मिळून कपात पगाराच्या ५० टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापणं यात बसत नाही. जितका वेळ गैरहजर, तितकेच पैसे.

५. सुट्टी आणि ओव्हरटाइम?

रविवारची सुट्टी मालकांनी आपणहून दिलेली नाही, हे लक्षात ठेवा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. आजच्या वेतन संहितेतही सात दिवसांत एक दिवस विश्रांतीची तरतूद आहे.

जादा कामाचे पैसे दुप्पट दराने. दिवाळीआधी किंवा लग्नसराईत रात्रीपर्यंत काम चालतं. चालू दे, पण तास मस्टरवर लिहा आणि दुप्पट द्या. ‘जेवण दिलं, वर दोनशे रुपये दिले’ याला ओव्हरटाइम म्हणत नाहीत. ऑर्डरचा भाव ठरवतानाच हा खर्च धरा. नाहीतर तुमचा नफा कामगाराच्या तासांतून येतोय आणि तुम्हाला वाटतंय धंदा नफ्यात आहे.

६. माणूस नीट काम करत नाही. उद्यापासून येऊ नको म्हणू का?

इथे दोन वाटा आहेत, त्या वेगळ्या ठेवा.

काम कमी झालं म्हणून माणूस कमी करायचाय, ही पहिली. वर्षभर (कायद्याच्या भाषेत २४० दिवस) काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. साधारणपणे शेवटी आलेला आधी जातो. नव्या संहितेत कामगाराच्या पुनर्कौशल्य निधीसाठी आणखी १५ दिवसांचं वेतन मालकाने भरायचं आहे.

गैरवर्तन ही दुसरी वाट. चोरी, मारामारी, सतत दांड्या. इथे लेखी आरोप, त्याचं उत्तर, चौकशी आणि मग निर्णय असा क्रम हवा. ‘डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज’ या १९९३ च्या निकालात कामगार आठ दिवसांपेक्षा जास्त न कळवता गैरहजर राहिला म्हणून त्याचं नाव नियमावर बोट ठेवून कमी केलं होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, बाजू ऐकल्याशिवाय कुणाची रोजी घेता येत नाही. त्याला कामावर परत घ्यायला लावलं आणि मधल्या काळाचा निम्मा पगारही द्यायला लावला.

गावी गेलेला माणूस परत येत नाही, हा आपल्याकडचा रोजचा प्रसंग. त्याच्या गावच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, व्हॉट्सॲपवर मेसेज करा, तारीख द्या. पोस्टाची पावती फाईलला लावा. पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे, पण पुढे कुणी ‘मला काढून टाकलं’ म्हणालं तर तीच पावती तुमच्या बाजूने उभी राहते.

७. काम शिकवतो आणि दुसऱ्या गाळ्यात जातात. बाँड लिहून घेऊ? आधार कार्ड ठेवून घेऊ?

मूळ कागदपत्रं किंवा एटीएम कार्ड ठेवून घ्यायचा कुठलाही हक्क मालकाला नाही. झेरॉक्स घ्या, मूळ लगेच परत द्या. उचल फिटेपर्यंत जाऊ देणार नाही, असं केलंत तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या दारात जाऊन उभे राहाल.

बाँडचं थोडं वेगळं आहे. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये द्यायची अट वैध ठरवली. हे ऐकून लगेच स्टॅम्प पेपर आणायला धावू नका! तिथे वरिष्ठ पदाची नोकरी होती, आणि सरकारी बँकेला भरतीची मोठी प्रक्रिया पुन्हा करावी लागते हा मुद्दा कोर्टाने धरला होता. महिना बारा हजारांच्या कारागिराकडून लाखाचा बाँड लिहून घेणं ही वेगळी गोष्ट. खरोखर बाहेरच्या ट्रेनिंगवर पैसे खर्च केले असतील तर त्या खर्चाएवढी, मुदतीप्रमाणे कमी होत जाणारी अट घाला. बाकी माणूस टिकतो तो वेळेवरच्या पगाराने.

८. आमच्याकडे दोन-तीनच बायका आहेत. समिती लागते का?

समितीसाठी एकूण माणसं मोजतात, बायका नाही. एकूण १० असतील तर अंतर्गत समिती हवी, नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. १० पेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आपला जिल्हा ठाणे. घटनेनंतर तीन महिन्यांत तक्रार करायची असते. ही माहिती मराठी-हिंदीत छापून गाळ्यात, दुकानात लावा. लपवण्यासारखं काही नाही हे त्यातून दिसतं.

प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, पगारी. ‘म्हणून बायका ठेवत नाही’ म्हणणाऱ्यांनी ऐका: ईएसआयसी लागू असेल आणि वर्गणीची अट पूर्ण असेल तर हे पैसे महामंडळ देतं, तुम्ही नाही.

एक फाईल, जी मालकाला वाचवते

वेतन संहितेतली एक गोष्ट प्रत्येक मालकाने समजून घ्यायला हवी. कामगार म्हणाला, ‘मला पगार मिळाला नाही’, तर तो मिळाला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. तुम्ही पैसे दिलेत, मनापासून दिलेत, पण रोख दिलेत आणि कुठे सही नाही. कायद्याच्या नजरेत ते दिलेच नाहीत. म्हणजे प्रामाणिक मालक सुद्धा कागदाअभावी हरतो.

म्हणून प्रत्येक माणसामागे एक फाईल ठेवा:

- नियुक्तीपत्र. १० च्या आत माणसं असली तरी द्या. नाव, काम, पगार किंवा पीस रेट, वेळ, सुट्टी, रुजू तारीख. एक पान पुरे, त्याला कळणाऱ्या भाषेत.
- आधारची झेरॉक्स, वयाचा पुरावा, गावचा पत्ता, घरच्या एका माणसाचा नंबर.
- हजेरी मस्टर, जादा तासांसह.
- पगाराची स्लिप. पैसे शक्यतो बँकेत किंवा यूपीआयने.
- उचल दिली तर तारीख, रक्कम, सही. फिटली की ‘पूर्ण’ असं लिहून पुन्हा सही.
- विमा किंवा ईएसआयसीचा क्रमांक. वर्गणी दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत.
- दिलेली पत्रं, नोटिसा आणि त्याची उत्तरं.

वाद झालाच तर मीरा-भाईंदरच्या मालकाला आणि कामगाराला दोघांनाही ठाण्याच्या कामगार कार्यालयाची पायरी चढावी लागते. तिथे कोण जोरात बोलतो याला किंमत नाही, कुणाच्या हातात कागद आहे याला आहे.

या आठवड्याचा होमवर्क

सगळं एका दिवसात होणार नाही. चार कामं करा. एक, आपली माणसं खरी किती ते मोजा, ठेकेदाराची धरून. दोन, तुमच्या धंद्याचा आजचा किमान वेतनाचा दर काढा आणि प्रत्येकाच्या पगाराशी ताडून बघा. तीन, अपघाताचं संरक्षण नसेल तर याच आठवड्यात विम्याचं कोटेशन मागवा, आणि ते येईपर्यंत गार्ड नसलेला प्रेस बंद ठेवा. चार, सगळ्यात जुन्या कामगाराचं नियुक्तीपत्र आधी तयार करा. दहा वर्षं तो तुमच्याबरोबर आहे आणि त्याच्याकडे एकही कागद नाही, असं होऊ देऊ नका.

प्रत्येक धंद्याची परिस्थिती वेगळी असते. माणसांचा आकडा १० किंवा २० च्या जवळ आला असेल, किंवा नोटीस आली असेल, तर कामगार कायद्याच्या वकिलाला किंवा सल्लागाराला कागद दाखवूनच पाऊल उचला.

तुमच्या गाळ्यातला, दुकानातला प्रश्न यात आला नसेल तर व्हिडिओखाली लिहा. किती माणसं आणि काय काम, एवढं नक्की सांगा, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल. आणि हा लेख शेजारच्या गाळेवाल्यालाही पाठवा. त्याच्याकडेही चारच माणसं आहेत.

भेटू पुढच्या भागात. धंदा वाढवा, माणसं जपा!